लांबीच्या एककांचे रूपांतर

एका एककात दिलेली लांबी दुसऱ्या एककात मांडण्याची गणिती क्रिया. रूपांतरात मूळ लांबी बदलत नाही. एकक जितके लहान घ्यावे, तितकी संख्या मोठी होते. १ मैल = ८ फर्लांग = १,७६० यार्ड = ५,२८० फूट हे ब्रिटिश पद्धतीचे कोष्टक होय. मैलांचे फूट करताना ५,२८० ने गुणतात आणि फुटांचे मैल करताना भागतात, उदा., १३,२०० फूट म्हणजे २.५ मैल.

५,२८० हा गैरसोयीचा गुणक जमिनीच्या मोजणीतून आलेला आहे. रोमन मैल एक हजार दुहेरी पावलांचा, म्हणजे ५,००० रोमन फुटांचा असे. इंग्लंडमध्ये मात्र शेतजमिनीच्या मोजणीत ६६० फुटांचा फर्लांग रूढ होता. १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत झालेल्या कायद्याने मैल ८ फर्लांगांचा ठरविण्यात आला. शेताचे माप कायम राहिले व रस्त्याचे बदलले. मालकीहक्क ज्या मापावर अवलंबून असतात, ते बदलणे अधिक अवघड असते.

एडमंड गंटर (१५८१–१६२६) या इंग्रज गणितज्ञांनी १६२० च्या सुमारास ६६ फूट लांबीची, १०० कड्यांची साखळी प्रचारात आणली. ८० साखळ्यांचा मैल व १० चौरस साखळ्यांचा एकर होत असल्यामुळे कड्यांतील मापांवरून केवळ दशांश चिन्ह सरकवून एकर काढता येत. मुंबई इलाख्याच्या मोजणीत हिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी वापरीत. तिचे १६ आणे पाडलेले असत. अशी एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा (१,०८९ चौ. फूट) व ४० गुंठ्यांचा एकर.

भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारण्यात आली व ती पुढे टप्प्याटप्प्याने अंमलात आली [⟶ मेट्रिक पद्धति]. महाराष्ट्रात सातबाराच्या उताऱ्यावर शेतीचे क्षेत्र हेक्टर व आर यांत असते, तर व्यवहारातील बोलणी बहुधा एकर व गुंठे यांत होतात. १ गुंठा = १.०११७ आर, त्यामुळे गुंठा व आर एकच मानले, तर दर एकरामागे सु. अर्ध्या आराची चूक होते. ‘अडीच एकरांचा हेक्टर’ हा ठोकताळाही असाच आहे. त्यानुसार १०० एकरांचे ४० हेक्टर होतात. प्रत्यक्षात ते ४०.४७ हेक्टर भरतात. म्हणजे एक एकराहून अधिक जमीन हिशेबातून गळते.

गुणक पाठ असला, तरी कोणता फूट अभिप्रेत आहे हेही पाहावे लागते. अमेरिका, ब्रिटन व राष्ट्रकुलातील काही देशांनी १९५९ मध्ये १ यार्ड = ०.९१४४ मी. ही व्याख्या मान्य केली. त्यामुळे १ फूट = ०.३०४८ मी. व १ मैल = १,६०९.३४४ मी. ही मूल्ये आसन्न नसून तंतोतंत आहेत. अमेरिकेने भूमापनासाठी मात्र १,२००/३,९३७ मी. हा जुना फूट चालू ठेवला. दोहोंतील फरक दहा लाखांत दोन भाग इतकाच. तो खोलीच्या मापात जाणवणारही नाही. परंतु आरंभबिंदूपासून २० लक्ष फुटांवर असलेल्या सीमाखुणेचे स्थान फूट बदलताच ४ फुटांनी सरकते. २०२२ अखेर हा फूट अधिकृत वापरातून काढण्यात आला. सागरी मैल (१,८५२ मी.) हे तर निराळेच एकक असून त्याला जमिनीवरील मैलाचा गुणक लागू पडत नाही.

कोस, हात यांसारख्या जुन्या मापांबाबत तंतोतंत रूपांतर शक्य नसते. कोसाचे मान प्रदेशागणिक व काळागणिक वेगळे होते. तो स्थूलमानाने दोन मैलांचा धरण्याची पद्धत आहे. म्हणून जुन्या कागदपत्रांतील ‘दहा कोस’ हे अंतर ३२.१९ किमी. असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिणे चुकीचे ठरते; सु. ३० किमी. एवढेच म्हणता येते.