मुद्राचित्र म्हणजे प्रत नव्हे : कलबुर्गीचे चित्रकार आणि बिदरची कोरणी

भालकी, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील घरांत दिनदर्शिकेवरील देवदेवतांचे चित्र वर्ष उलटले तरी भिंतीवरून सहसा उतरत नाही. अशी चित्रे घरोघरी पोहोचविणाऱ्यांत एस. एम. पंडित (१९१६–१९९३) यांचे नाव अग्रगण्य आहे. ते कलबुर्गीचे, म्हणजे तेव्हाच्या गुलबर्ग्याचे. तेथे शंकरराव आळंदकर यांच्या हाताखाली पहिले धडे घेऊन पुढे ते मुंबईस शिकले आणि चित्रपटांच्या जाहिरातचित्रांनी व पौराणिक चित्रांनी सर्वतोमुखी झाले.

पंडितांनी रंगविलेले मूळ चित्र एकच असे. छापखान्यात त्याचे छायाचित्रण होऊन हजारो प्रती निघत. त्या कागदांना चित्रकाराचा हात लागलेला नसे. मुद्राचित्राचे तसे नाही. येथे चित्रकार स्वतः पत्रा, लाकूड किंवा दगड तयार करतो, स्वतः शाई लावतो आणि ठसा घेतो. कागदावर उमटण्यापूर्वी ते चित्र अन्यत्र कोठेही नसते. हा भेद ध्यानात न आल्याने मुद्राचित्राला आजही ‘छापील चित्र’ समजून कमी किंमत दिली जाते. हा त्या कलावंतांवर अन्यायच होय.

बिदरच्या वाचकांस ही प्रक्रिया समजण्यास कठीण नाही. बिदरी कारागीर जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूच्या भांड्यावर मोरचूद चोळतो. पृष्ठभाग काळवंडतो व त्यावर कोरलेली रेघ उजळ दिसते. त्या खाचेत तो चांदीची तार ठोकून बसवितो. अम्लरेखन करणारा मुद्राचित्रकारही बहुधा जस्ताचाच पत्रा घेतो. मेण व राळ यांचा लेप देऊन सुईने रेषा काढतो आणि पत्रा सौम्य नत्राम्लात ठेवतो. लेप खरवडला गेला असेल तेवढाच भाग आम्ल खाते. नंतर खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसून काढतात. त्यावर ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाब दिला की खाचेतील शाई कागद उचलतो. कारागिराची खाच चांदीने भरते, चित्रकाराची शाईने, आणि ती प्रत्येक ठशासाठी पुन्हा भरावी लागते. ठसा उलटा येतो. म्हणून अक्षरे हवी असल्यास पत्र्यावर ती उलटी लिहावी लागतात. नवशिक्याची पहिली फजिती येथेच होते.

या कलेला वाहून घेतलेले कलबुर्गीचे कलावंत म्हणजे विजय बागोडी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत (स्थापना १९५०) त्यांनी मुद्राचित्रण आत्मसात केले आणि पुढे तेथेच अध्यापन केले. मुद्राचित्रणाचे शिक्षण व्याख्यानाने होत नाही. आम्लात पत्रा किती वेळ ठेवावा, शाई किती पुसावी, हे शिक्षकाच्या शेजारी उभे राहूनच कळते.

शाळेत आम्लाचा प्रयोग करू नये. लिनोलियमचा तुकडा, कोरणी, शाई व रूळ एवढ्यावर आरंभ करता येतो. यंत्र नसल्यास कागदाच्या पाठीवर चमचा घासूनही ठसा निघतो. कोरणी धरलेल्या हाताच्या पुढे दुसरा हात येऊ देऊ नये, हे मात्र पहिल्याच दिवशी सांगावे.

मुद्राचित्राखाली पेन्सिलीने ३/१५ असे लिहिलेले असते. पंधरांपैकी हा तिसरा ठसा, असा त्याचा अर्थ. शेजारी चित्रकाराची सही असते. ठरलेले ठसे निघाले की पुष्कळ चित्रकार पत्र्यावर आडवी रेघ ओढून तो रद्द करतात.