ओल्ड टॉमच्या गावात

उजेड नीट फाकायच्या आत आमची बोट ऑस्ट्रेलियातल्या टूफोल्ड बेच्या तोंडाशी आली आहे. वरच्या डेकवर वारा बोचतो आहे. नोव्हेंबर, म्हणजे इथला वसंत सरत आलेला, पण समुद्रावरचा गारठा अजून हटलेला नाही. आईने शाल डोक्यावरून घेतली आहे आणि ती कठडा धरून उभी आहे. मालवणात जन्म गेला तिचा. बोट बंदरात शिरताना खोलीत झोपून राहणं तिला पटतच नाही.

डाव्या हाताला तांबूस कडा दिसतो आणि त्याच्या माथ्यावर, झाडांच्या वर डोकं काढून उभा असलेला चौकोनी दगडी मनोरा. बॉइड्स टॉवर. बेंजामिन बॉइड नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने 1847 मध्ये सिडनीहून वालुकाश्म आणून तो दीपगृह म्हणून उभारला, पण दिवा त्यात कधीच लागला नाही. पुढे देवमाशांचे शिकारी त्यावर चढून टेहळणी करू लागले. समुद्रात कुठे कारंजं उडालं की वरून इशारा व्हायचा आणि खाली होड्या सुटायच्या. 1881 मध्ये देवमाशाच्या तडाख्याने मेलेल्या पीटर लिया या शिकाऱ्याचं नाव त्या मनोऱ्याच्या दगडात कोरलेलं आहे.

बोट हळूहळू आत सरकते तसा उपसागर दोन्ही बाजूंनी उघडत जातो. नैर्ऋत्येला माउंट इमले एकटाच उभा. दक्षिण काठावर परदेशी पाठवायच्या लाकडी चिपांचा मोठा ढीग, त्याच्यामागे दाट जंगल. जानेवारी 2020 मध्ये हेच जंगल पेटत पेटत काठापर्यंत आलं होतं. घरं सोडून निघालेली माणसं तेव्हा ज्या धक्क्यावर आसऱ्याला जमली, त्याच धक्क्याकडे आता आमची बोट वळते आहे.

हा स्नग कोव्ह. सिडनी आणि मेलबर्नच्या साधारण मध्यावरचं हे ईडन, जेमतेम तीन हजार वस्तीचं. पूर्वी मोठ्या बोटी बाहेर नांगर टाकून थांबत आणि प्रवासी छोट्या होड्यांतून काठावर येत. 2019 मध्ये धक्का लांबवला, तेव्हापासून सव्वातीनशे मीटर लांबीची बोटसुद्धा थेट लागते. खाली उतरतो तर गावातली निवृत्त माणसं नकाशे हातात घेऊन उभी आहेत. कुठे जायचं, चढ किती, स्वच्छतागृह कुठे, सगळं आपुलकीने सांगतात. पलीकडे मच्छीमार बोटी दाटीवाटीने लागलेल्या. एकजण बर्फाचे खोके चढवतो आहे, दुसरा जाळं उसवून बसला आहे. आई तिथेच थबकते. जाळ्याची वीण जवळून बघते, मान हलवते आणि मगच पुढे निघते.

बरोबरचे बहुतेक प्रवासी बसने किनारे बघायला निघाले आहेत. आम्ही मात्र इमले स्ट्रीटवरच्या किलर व्हेल म्युझियमकडे निघतो, कारण मी एवढ्यासाठीच ही सफर निवडली आहे. चढ चांगलाच आहे, म्हणून आईला गाडीत बसवते. वाटेत बेकरी, मासे-चिप्सचं दुकान, जुनी लाकडी घरं. गावाचं नाव लॉर्ड ऑकलंडच्या ईडन घराण्यावरून ठेवलेलं, आणि हाच ऑकलंड 1836 ते 1842 हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता. त्याने आपल्याकडून अफगाणिस्तानात फौजा धाडल्या. इथे तो कधी फिरकलाही नसेल.

म्युझियमचं दार ढकलून आत जातो, आणि समोर ओल्ड टॉम.

ओर्काचा, म्हणजे किलर व्हेलचा, संपूर्ण सांगाडा. सात मीटरला थोडा कमी. बरगड्या पिवळसर पडलेल्या, पाठीचे मणके माझ्या दोन्ही तळहातांत न मावणारे. पुढच्या पंजात हाताच्या बोटांसारखी हाडं स्पष्ट दिसतात. सगळ्यांची नजर मात्र जबड्यावर जाते. शंकूसारखे जाडजूड दात, आणि एका बाजूचे काही झिजून पार खाली गेलेले. गावात पिढ्यानपिढ्या सांगतात की शिकारीच्या होडीचा दोर दातांत धरून टॉम ओढायचा, त्याने ही झीज झाली.

हार्पूनच्या कपाटाशी एक वयस्कर स्वयंसेविका उभ्या आहेत. आईकडे बघून त्या खुर्ची पुढे करतात आणि सांगायला लागतात. मी एकेक वाक्य मालवणीत करून आईला पोचवते.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर किनाऱ्यावरून देवमाशांची शिकार पहिल्यांदा इथेच सुरू झाली, 1828 साली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्यावरचे थावा लोक ओर्कांना ओळखून होते. थावा हे युइन समाजातले. गेलेले आप्त ओर्का होऊन समुद्रात फिरतात, अशी त्यांची श्रद्धा. थंडीच्या दिवसांत बलीन देवमासे या किनाऱ्याने जात, ओर्का त्यांना घेरून उथळ पाण्यात रेटत, आणि किनाऱ्यावरच्या माणसांना शिकार मिळे. गोऱ्यांच्या होड्या आल्या तेव्हा त्या वल्हवायला थावा तरुण बसले, आणि ओर्कांची ही ओळख त्यांच्याबरोबर होड्यांत आली. डेव्हिडसन कुटुंबाने किया खाडीच्या काठी तीन पिढ्या हा धंदा चालवला. त्यांच्या होड्यांत थावा माणसं मोठ्या संख्येने असत आणि त्यांना गोऱ्या खलाशांइतकीच मजुरी मिळे. त्या काळच्या ऑस्ट्रेलियात ही गोष्ट फार दुर्मीळ.

ओर्कांचा कळप देवमाशाला उपसागरात कोंडायचा. काही समुद्राच्या बाजूने वाट अडवत, काही खाली जाऊन त्याला बुडी मारू देत नसत, काही त्याच्या अंगावर येऊन श्वास घेऊ देत नसत. त्यातलाच एखादा, बहुतेक वेळा टॉम, कियापाशी येऊन शेपटीने पाणी आपटायचा. रात्र असली तरी माणसं तो आवाज ओळखत आणि अंधारात होड्या ढकलत. हार्पून लागला, मासा मेला, की नांगर आणि बोयाला बांधून तिथेच सोडायचा. ओर्का येऊन त्याची जीभ आणि ओठ खात, बाकीच्याला तोंड लावत नसत. दिवस-दोन दिवसांनी धूड फुगून वर आलं की माणसं ते कियाला ओढून नेत आणि चरबी मोठमोठ्या काहिलींत कढवून तेल काढत. या रिवाजाला इथे ‘जिभेचा कायदा’ म्हणतात.

आई इतका वेळ गप्प ऐकते आहे. आता विचारते, “मासो माणसाक मदत कित्याक करतलो?”

मी तिला पुन्हा जिभेचं सांगते. ती लगेच म्हणते, “म्हंजे रापणीसारखोच वाटो. जो दोरी वडता, तेका वाटो.”

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना हेच चालतं. दोरीला हात लावील त्याच्या टोपलीत मासळी पडते, मग तो कुणी का असेना. मी हे त्या बाईंना सांगते. त्या आईचा हात हातात घेतात आणि हसून म्हणतात, अगदी असंच.

कळपातल्या प्रत्येक ओर्काला नाव होतं: हुकी, हंपी, स्ट्रेंजर, टायपी. पाठीवरच्या पंखाच्या आकारावरून माणसं त्यांना लांबूनच ओळखत. काहींना वारलेल्या थावा शिकाऱ्यांची नावं दिलेली. टायपी एकदा उथळ पाण्यात अडकला आणि बाहेरून आलेल्या एका माणसाने त्याला भोसकून मारलं. थावांच्या घरात ते एखाद्या नातलगाच्या खुनासारखंच होतं. त्यानंतर कळप विरत गेला. देवमासेही तोवर कमी झाले होते. शेवटी टॉम एकटाच येत राहिला. 17 सप्टेंबर 1930 रोजी त्याचा देह स्नग कोव्हच्या पाण्यावर तरंगताना सापडला, आज आमची बोट जिथे लागली आहे तिथे. जॉर्ज डेव्हिडसनने त्याची हाडं जपली, गावाने पुढच्याच वर्षी म्युझियमला सुरुवात केली.

गावकरी टॉमचं वय ऐंशीच्या पुढे सांगतात. दातांवरून शास्त्रज्ञांनी काढलेलं वय बरंच कमी भरतं. म्हणजे एकाहून अधिक ओर्कांना लोक टॉम म्हणत असावेत. मला त्याने काही उणं वाटत नाही. एक ओर्का जाऊन दुसरा त्याच्या जागी आला असेल आणि रिवाज तोच चालू राहिला असेल, तर ती अधिकच मोठी गोष्ट आहे. 2023 मध्ये टॉमच्या हाडा-दातांतून मिळवलेल्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजच्या ज्ञात ओर्कांत त्याचे वंशज सापडले नाहीत. तो वंश बहुधा संपला.

कपाटातल्या हार्पूनचं टोक काचेतून बघते. लोखंडाचं, काटेरी, आत शिरलं की बाहेर न निघणारं. शेजारी वल्ह्यांची लांब, निमुळती होडी. फळ्या इतक्या पातळ की बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजाव्यात. असल्या होडीतून चाळीस टनांच्या जनावराच्या अंगावर जायचं. भिंतीवरच्या फोटोंत होड्यांतली माणसं दिसतात. जुन्या फोटोंत ज्याला त्याला नाव असतंच असं नाही, आणि इथेही मालकाचं नाव पक्कं लिहिलेलं, वल्ह्यावर बसलेल्या थावा माणसांची नावं मात्र तुरळक. मला ते खटकतं. ओर्कांशी नातं त्यांचं, पाण्यातली पारख त्यांची, आणि शंभर वर्षं गोष्ट सांगितली गेली ती डेव्हिडसन आणि टॉम यांच्या दोस्तीची.

आता यात बदल होतो आहे आणि तो होणं मला फार महत्त्वाचं वाटतं. समोरच्या किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानाला बेंजामिन बॉइडचं नाव होतं. हा बॉइड म्हणजे 1847 मध्ये पॅसिफिक बेटांवरून माणसं आणून आपल्या मेंढवाड्यांवर राबवणारा. त्यातले काही मेले. 2022 मध्ये ते नाव काढून उद्यानाला बेओवा हे नाव दिलं. थावांच्या भाषेत ओर्काला बेओवा म्हणतात. मनोरा अजून बॉइडच्याच नावाने उभा आहे.

बाहेर पडून आम्ही टेकडीच्या कडेला बाकावर बसतो. खाली अख्खा उपसागर, बोटीची पांढरी भिंत, पलीकडे ओळीने सुटलेले किनारे. या किनाऱ्याने 1797 साली आपल्याकडची माणसं चालत गेली आहेत. कलकत्त्याहून सिडनीला निघालेलं ‘सिडनी कोव्ह’ जहाज टास्मानियाजवळच्या बेटावर फुटलं. मदत आणायला निघालेल्या होडीत सतराजण होते, त्यातले बारा बंगालचे लास्कर, म्हणजे खलाशी. होडीही आजच्या व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर आपटली, तेव्हा ते पायी सिडनीकडे निघाले. शेकडो किलोमीटर, अनोळखी जंगल, वाटेत नद्या. कित्येक ठिकाणी इथल्याच आदिवासींनी त्यांना मासे दिले, नदीपार नेलं. काही ठिकाणी हल्लेही झाले. सिडनीला तिघे पोचले आणि त्या तिघांत एक लास्कर होता. त्याचं नाव नीट कुणी लिहून ठेवलं नाही.

आई मध्येच हात वर करते. “ता बघ.”

उपसागराच्या तोंडाशी पाण्याची वाफ उडते. क्षणभराने बाजूला दुसरी, लहान. हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी आणि तिचं पिल्लू. उत्तरेच्या उबदार पाण्यातून ते अंटार्क्टिकाकडे परत निघालेत आणि वाटेत इथे थांबून खातात. शिकारीने पूर्व किनाऱ्यावरचे हंपबॅक काही शेकड्यांवर आले होते. 1963 मध्ये त्यांच्या शिकारीवर बंदी आली, 1978 मध्ये ऑस्ट्रेलियातली देवमाशांची शिकार पुरती थांबली. आज हे देवमासे हजारोंनी आहेत आणि 2022 मध्ये त्यांचं नाव देशाच्या संकटग्रस्त यादीतून काढलं. आजूबाजूला बसलेले गावकरी उठून उभे राहिले आहेत. रोज दिसत असूनही ते उठतात, हात कपाळाशी धरून बघतात.

बोट सुटायला अजून दोन तास आहेत. आईला परत धक्क्यावरच्या जाळेवाल्याकडे जायचं आहे. त्याला किती मासळी मिळाली, हे विचारायचं आहे तिला. मी दुभाषी.

या वाटेने कुणी येणार असाल तर एवढं करा. दुकानं नंतर बघा, आधी म्युझियम गाठा; चढ झेपत नसेल तर गाडीने जा. वेळ मिळाला तर कियाचं डेव्हिडसन केंद्रही पाहा, उपसागराला वळसा घालून जावं लागतं. आणि परत जाऊन मुलांना टॉमची गोष्ट सांगाल तेव्हा थावांचं नाव आधी घ्या, डेव्हिडसनांचं त्यानंतर.