सोनाराच्या घरचं चाक

दागिना मोडायला नेला की सराफ आधी घडणावळ कापतो. कारागिराचे कष्ट, नक्षी, हौस, सगळं एका झटक्यात वजा होतं आणि तराजूत उरतं ते नुसतं सोनं. महागड्या ध्वनियंत्रांच्या जुन्या बाजारातही हेच चालतं. फरक इतकाच, की तिथं तराजूत नेमकं काय उरलं हे कळायला तीस-चाळीस वर्षं जावी लागतात. पाच लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर खोक्यातून बाहेर निघाला की निम्म्यावर आला, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. दुकानदाराचं कमिशन, आयातकर, जाहिरातीतला रुबाब, यांतलं काहीच पुढच्या गिऱ्हाइकाला विकता येत नाही. पण काही यंत्रं अशीही निघाली, की भंगारापर्यंत जाऊन परत फिरली आणि येताना मूळ किमतीच्या कितीतरी पट भाव घेऊन आली. ‘गॅरार्ड ३०१’ हे टर्नटेबल त्यांतलं एक, आणि माझ्या मते सर्वांत शिकवून जाणारं.

गंमत म्हणजे गॅरार्ड हे मुळात सराफच. लंडनची ही पेढी ब्रिटिश राजघराण्याच्या जडजवाहिराची कामं करायची. पहिल्या महायुद्धात तोफखान्याला अंतर मोजणाऱ्या उपकरणांची गरज पडली, तेव्हा पेढीनं १९१५ मध्ये इंजिनिअरिंगची वेगळी कंपनी काढली. युद्ध संपलं, पण केसाइतक्या बारीक मापावर काम करणारे हात तसेच राहिले. त्यांना काम म्हणून ग्रामोफोनच्या मोटारी सुरू झाल्या. कारखाना पुढं स्विंडन या रेल्वेच्या गावात वसला आणि एकामागून एक तबकड्या आपोआप लावणारे ‘चेंजर’ जगभर विकून मोठा झाला. कंपनीचं पोट चेंजरवर भरायचं. ३०१ ही तिची मिरवायची वस्तू.

ती बाजारात आली १९५३-५४च्या सुमारास. किंमत वीस-पंचवीस पौंडांच्या घरात. त्यात ना आर्म, ना सुई, ना खालचं लाकडी खोकं. नुसतं यंत्र घरी न्यायचं आणि बाकीचं आपलं आपण जमवायचं. आतली रचना शिवणयंत्र उघडून पाहिलेल्या कुणालाही समजावी अशी. जाडजूड मोटार, स्प्रिंगांवर टांगलेली. मोटारीच्या दांड्यावर तीन पायऱ्यांची पितळी पुली. त्या पुलीला एका बाजूनं आणि तबकडीखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीच्या आतल्या कडेला दुसऱ्या बाजूनं टेकलेलं रबरी कडेचं चाक, म्हणजे आयडलर. चाक कुठल्या पायरीवर बसतं त्यावर वेग ठरतो: ३३⅓, ४५ किंवा ७८. वेगात उन्नीस-बीस करायला एक चुंबकी ब्रेक. बस्स. बीबीसीनं ही यंत्रं आपल्या स्टुडिओंत बसवली, कारण बटण फिरवल्याबरोबर चकती वेग घेते आणि वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

मग १९५८ साली स्टिरिओ तबकड्या आल्या आणि तक्रार सुरू झाली. मोनोच्या तबकडीत सुईची आडवी हालचाल तेवढी कामाची असते. स्टिरिओत उभी हालचालही आवाज होऊन बाहेर पडते. त्यामुळे इतके दिवस झाकलेली मोटारीची घरघर, आयडलरच्या वाटेनं वर चढणारी, स्पीकरमधून ऐकू यायला लागली. उपाय अमेरिकेतून आला. एडगर व्हिल्चर यांच्या अ‍ॅकॉस्टिक रिसर्च कंपनीनं १९६१ मध्ये रबरी पट्ट्यावर चालणारं, स्प्रिंगांवर तरंगणारं टर्नटेबल ५८ डॉलरला काढलं. पट्टा घरघर गिळून टाकायचा. गॅरार्डनं १९६५ मध्ये ३०१ बंद करून त्याच जातकुळीचं ४०१ आणलं, पण वारा फिरला होता. १९७० मध्ये टेक्निक्सनं मोटारीवरच चकती बसवलेलं ‘एसपी-१०’ काढलं, १९७३ मध्ये ग्लासगोहून लिनचं ‘एलपी-१२’ आलं आणि आयडलर म्हणजे आजोबांच्या काळातली भानगड ठरली. १९७९ मध्ये गॅरार्डचं नाव ब्राझीलच्या ग्रॅडिएन्ते कंपनीला विकलं गेलं. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीनं जपानात पहिला सीडी प्लेअर १ लाख ६८ हजार येनला विक्रीला काढला. आयडलरच कशाला, आता तबकडीच संपली, असं शहाणी माणसं म्हणू लागली. ३०१चा भाव त्या दिवसांत मातीमोल होता.

पिकतं तिथं विकत नाही. इंग्लंड-अमेरिकेत अडगळीत पडलेला हा माल जपानी शौकीन शांतपणे उचलत होते. अमेरिकेतल्या जुन्या सिनेमा थिएटरांचे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे भोंगे आणि अ‍ॅम्प्लिफायर, मॅरान्ट्झचे व्हॉल्व्हवाले प्रीअ‍ॅम्प, टॅनॉयचे अजस्र स्पीकर आणि गॅरार्डची टर्नटेबलं, सगळं खोक्यांत भरून टोकियोकडे निघालं. यात रसिकता होतीच, पण चलनाचाही हात होता. सप्टेंबर १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच देशांनी डॉलरचा भाव उतरवण्याचा करार केला. तेव्हा डॉलरला २४० च्या आसपास येन पडायचे, वर्षभरात ते दीडशेच्या घरात आले. पश्चिमेतलं भंगार जपान्यांना एकदम स्वस्त झालं. ऐकणाऱ्याच्या कानाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्याच्या खिशातल्या चलनाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

जपान्यांनी आणखी एक गोष्ट केली. घरघर यंत्रात जितकी आहे, त्याहून जास्त खालच्या पोकळ खोक्यात आहे, हे त्यांनी ओळखलं. सुताराकडून करून घेतलेली हलकी पेटी ढोलकीसारखी घुमते. त्याऐवजी प्लायवूडचे थरावर थर चिकटवून किंवा दगड कापून तयार केलेल्या जड बैठकीत तेच यंत्र बसवलं, तर घरघर पुष्कळ दबते आणि उरतो तो आयडलरचा गुण, जोराच्या स्वरावरही न डगमगणारा वेग. केन शिंदो या जपानी कारागिरानं स्वतःच्या बैठकीत, स्वतःच्या चकतीसह बसवलेली ३०१ पुढं अमेरिकेत लाखो रुपयांच्या भावात विकली गेली. पश्चिमेला आपलीच वस्तू टोकियोमार्गे नव्यानं कळली.

भाव पुन्हा चढला याची ही एक बाजू. दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. जपान्यांनी उचललं ते यंत्र तीस वर्षांनीही चालू होऊ शकत होतं. ग्रीस सुकलं तर धुऊन नवं भरायचं. रबर कडक झालं तर नवं चढवायचं. बेअरिंग, स्प्रिंगा, पुली, सगळं चांगल्या लेथवर करता येतं आणि इंग्लंडात तसं करून देणारे आजही आहेत. आता याच्याशेजारी जुना, उंची सीडी प्लेअर ठेवून बघा. त्याचं हृदय म्हणजे लेझरचं नाजूक भिंग. कारखान्यानं ते बनवणं बंद केलं की जगातला कुठलाही लेथ ते घडवू शकत नाही. मग सोन्याचा मुलामा दिलेला, दहा किलोचा प्लेअर दरवाजा अडवायच्या कामाचा. डिजिटल सिग्नलचा आवाज करणारे डीएसी तर त्याहून अल्पायुषी. त्यांत फिरणारं काहीच नाही, बिघडतंही फारसं काही नाही, पण दर तीन-चार वर्षांनी नवी चिप आणि नवी जोडणी आली की कालचा राजा आज रंक. कॅसेटचा बादशहा ‘नाकामिची ड्रॅगन’ यांच्या मध्ये कुठंतरी बसतो. १९८२ मध्ये आलेलं हे यंत्र टेपच्या तिरकेपणानुसार स्वतःचं हेड वळवून घ्यायचं. त्याचा भाव आज चढाच आहे, पण घेणाऱ्यानं यंत्राआधी ते उघडू शकणारा माणूस शोधावा.

लिननं हे ओळखून निराळी वाट धरली. एलपी-१२ चा प्रत्येक भाग आजतागायत जुन्या यंत्रात बसेल असा काढत गेले. १९७३ चं यंत्र पाहिजे तेव्हा आजचं करून घ्या. म्हणून त्याला जुन्या बाजारात कायम गिऱ्हाईक. २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त काढलेल्या २५० नगांच्या खास आवृत्तीची किंमत तर ५० हजार पौंड होती. यातली घडणावळ किती आणि सोनं किती, याचा हिशेब तीस वर्षांनी कुणीतरी मांडेलच.

१९९५ मध्ये ई-बे सुरू झालं आणि जुन्या बाजाराचा स्वभावच पालटला. तोवर स्विंडनच्या म्हाताऱ्याला टोकियोतला भाव ठाऊक नसायचा. आता सगळ्यांना सगळं ठाऊक. त्याबरोबर बारकाव्यांना किंमत आली. आधीची ग्रीसच्या बेअरिंगची का नंतरची तेलाची? रंग करडा का मलईसारखा? करडी आणि ग्रीसवाली म्हटलं की आकडा वर सरकतो. अमेरिकेत नेणाऱ्याला आणखी एक कटकट. तिथली वीज ६० हर्ट्झची, यंत्र ब्रिटनच्या ५० हर्ट्झचं असेल तर वेग वाढतो आणि पुली बदलावी लागते.

आज इंग्लंडात बरी, चालू ३०१ दीड-दोन हजार पौंडांच्या खाली क्वचित मिळते. हे ऐकून डोळे विस्फारण्याआधी पाटीवर हिशेब करावा. १९५४ चे पंचवीस पौंड महागाई धरून आजचे साधारण सहाशे होतात. म्हणजे सत्तर वर्षांत खरी वाढ तिप्पट, फार तर चौपट. मधली तीसेक वर्षं तर शून्यात. मूळ मालकांपैकी बहुतेकांनी ती पडत्या भावात काढून टाकली. कमावलं ते ऐंशीच्या दशकात फुकटात उचलणाऱ्यांनी आणि त्यांतही दुरुस्ती करून विकणाऱ्यांनी. ‘गुंतवणूक’ म्हणून अशी यंत्रं घ्या सांगणाऱ्यापासून मी लांब राहतो. गुंतवणुकीला तेल घालावं लागत नाही.

या कथेला अलीकडे पुण्याचं वळण मिळालं. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवणाऱ्या केडन्स समूहाचे अजय शिर्के आपल्याला क्रिकेट मंडळाचे माजी सचिव म्हणून माहीत. या समूहानं २०१६ मध्ये इंग्लंडची एसएमई ही प्रसिद्ध कंपनी घेतली आणि २०१८ मध्ये गॅरार्डचं नाव आणि ३०१ ची दुरुस्ती करणारी लॉरिक्राफ्ट कंपनीही. एसएमईचा पहिला टोनआर्म १९५९ चा, आणि ३०१ वर एसएमईचा आर्म ही जोडी म्हणजे जुन्या जाणत्यांची पुरणपोळी-तूप. २०१९ च्या अखेरीस एसएमईनं जाहीर केलं, की यापुढं सुटे आर्म विकणार नाही, आमच्या टर्नटेबलबरोबरच मिळतील. झालं. कपाटात पडलेल्या जुन्या एसएमई आर्मचे भाव बघता बघता वर गेले. आर्म तेच, आवाज तोच. कारखान्याच्या एका पत्रकानं जुन्या बाजारात केवढी उलथापालथ होते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही. पुढं याच कंपनीनं ३०१ पुन्हा विकायला काढली, आधी जुनी नीट करून आणि मग नवी घडवून.

आपल्याकडे मूळ ३०१ फार आल्या नाहीत. परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरचे निर्बंध यांच्या काळात वीस पौंडांचं नुसतं चाक कोण मागवणार? गॅरार्ड हे नाव आपल्या घरांत पोचलं ते बहुधा रेडिओग्रामच्या पोटातल्या चेंजरवरून. तरी इथं एका गोष्टीसाठी ती हवीशी वाटते. ७८ च्या वेगाच्या तबकड्या भारतात सत्तरच्या दशकाच्या तोंडापर्यंत निघत होत्या. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांचं किती गाणं त्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. एलपी-१२ ला ७८ चा वेगच नाही. ३०१ ला आहे, आणि जड लाखेच्या तबकडीला लागणारा जोरही.

मध्यंतरी मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर एक गॅरार्ड दिसलं. ३०१ नव्हे, साधा चेंजर. विक्रेत्यानं नावाकडे बोट दाखवून असा आकडा सांगितला, की त्याला लंडनचा भाव कुणीतरी सांगितलेला असावा. मी चकती उचलून आयडलर पाहिला. चाक वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून राहिल्यानं रबराला खळगा पडला होता. असं चाक फिरताना दर फेऱ्याला ठक ठक वाजतं. मी खळग्यावर बोट ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

“उसका रबर बन जाता है, साहब,” तो म्हणाला, आणि भाव एका रुपयानंही उतरवला नाही.