कॅरमची भुकटी आणि बोलिंगचे तेल

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, मोपाचा सडा पसरलेला आहे. जांभ्या दगडाच्या या उंच पठारावर मृगाचा पाऊस एकदा उतरला की चार महिने हवेतला ओलावा हटत नाही. भिंती ओल धरतात, दारे चौकटीत अडकतात, आगपेटीतली काडी पेट घेत नाही. याच दिवसांत घराघरांच्या ओसरीवर आणि मंडळांच्या खोल्यांतून कॅरमचे डाव रंगतात. आणि याच दिवसांत एक तक्रारही हटकून ऐकू येते, ती म्हणजे ‘बोर्ड चालत नाही’ ही. नेमकी मारलेली सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थबकते. मग कोणीतरी चिमूटभर पावडर अधिक टाकतो, दुसरा मूठभर टाकतो, आणि बोर्ड पूर्वीपेक्षाही बिघडतो. बोर्ड चालणे म्हणजे नेमके काय, हे समजले तर ही धडपड पुष्कळशी वाचण्यासारखी आहे.

या प्रश्नाचे एक मोठे उदाहरण त्याच सड्यावर आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमाने ये-जा करू लागली. तेथील धावपट्टी ३५०० मीटर लांबीची आहे. धावपट्टीवर उतरणाऱ्या चाकाने जमिनीची पकड घ्यावी, अशी अपेक्षा असते. चाक आणि धावपट्टी यांच्यामध्ये पाण्याचा थर शिरला तर चाक त्या थरावर तरंगते आणि ब्रेक निरुपयोगी होतो. म्हणून धावपट्टीवरचे पाणी वेळीच वाहून जावे लागते आणि तिच्यावर चिकटलेला टायरच्या रबराचा लेपही वेळोवेळी काढावा लागतो. कॅरमचा बोर्ड अवघा ७४ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा. तेथे अपेक्षा उलटी असते. सोंगटीने पकड घेऊ नये, घसरत जावे. पण दोन्हीकडचा मूळ प्रश्न एकच आहे : दोन पृष्ठभागांच्या मध्ये जो पातळ थर असतो, तो कशाचा आहे?

दोन पृष्ठभाग एकमेकांवर सरकताना जो विरोध होतो त्याला घर्षण म्हणतात. वरवर गुळगुळीत दिसणारे लाकूडही सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखे दिसते. त्या उंचवट्यांची एकमेकांत गुंतागुंत होते आणि जेथे ते भिडतात तेथे त्यांचे कण एकमेकांना धरून ठेवू पाहतात. घसरत जाणारी सोंगटी किती अंतर काटेल, हे तिच्या आरंभीच्या वेगावर आणि या घर्षणावर ठरते. घर्षण निम्मे झाले तर अंतर दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट होते. आश्चर्याची गोष्ट अशी की वस्तू जड आहे की हलकी, याने हे अंतर बदलत नाही. कारण जड वस्तूवर घर्षण अधिक असते, तसाच तिचा थांबण्यास होणारा विरोधही त्याच प्रमाणात अधिक असतो.

मग स्ट्रायकर जड कशासाठी? त्याचे उत्तर धडकेत आहे. १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांप्रमाणे स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि सोंगटीचे वजन ५ ते साडेपाच ग्रॅम असावे. म्हणजे स्ट्रायकर सोंगटीच्या जवळजवळ तिप्पट जड. असा स्ट्रायकर सोंगटीवर सरळ आदळला, तर आदर्श धडकेत त्याचा स्वतःचा वेग निम्मा उरतो आणि सोंगटी मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. खेळाडूची बोटे अभ्यासाने हा हिशेब नकळत करीत असतात. परंतु त्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : बोर्ड सर्वत्र सारखा आहे. एका कोपऱ्यात भुकटी दाट आणि दुसऱ्यात विरळ असली की बोटांचा अभ्यास वाया जातो.

ही भुकटी बहुधा बोरिक आम्लाची असते. सोनार डाग देताना जी सवागी, म्हणजेच टाकणखार, वापरतात, तिचीच ही नातेवाईक. १७०२ साली विल्हेल्म होम्बर्ग या रसायनशास्त्रज्ञाने टाकणखारावर आम्लाची क्रिया करून बोरिक आम्ल प्रथम तयार केले. त्याच्या स्फटिकाची रचना मोठी मौजेची आहे. त्याचे रेणू एकमेकांना धरून सपाट पापुद्रे बनवितात आणि हे पापुद्रे पत्त्यांच्या जोडाप्रमाणे एकावर एक रचलेले असतात. पापुद्र्याच्या आत बंध बळकट. पण एका पापुद्र्याचे दुसऱ्याशी असलेले बंध अगदी दुबळे. त्यामुळे सोंगटीचा धक्का लागताच पापुद्रे एकमेकांवरून सरकतात आणि लाकूड लाकडाला भिडत नाही. शिसपेन्सिलीतले ग्रॅफाइट बोटांना निसटते लागते, तेही याच कारणाने. अशा पदार्थाला कोरडे वंगण म्हणतात.

वंगणाचा दुसरा प्रकार तेलाचा. त्याचा खेळातील उत्तम नमुना म्हणजे टेनपिन बोलिंग हा पाश्चात्य खेळ. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात विसाव्या शतकाच्या अखेरीस तो सुरू झाला आणि पुढे अनेक शहरांत पोचला. ६० फूट लांबीच्या पट्टीवरून, अर्थात लेनवरून, १६ पौंडांपर्यंत वजनाचा चेंडू सोडून पलीकडच्या दहा पिना पाडावयाच्या, असा हा खेळ. लाकडी लेन चेंडूच्या घर्षणाने झिजू नये म्हणून तिच्यावर तेल देण्याची पद्धत पडली. पुढे तेच तेल खेळाचा भाग होऊन बसले. आज एका लेनवर सुमारे २५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे पाच चमचे तेल यंत्राने पसरतात. ते साधारणपणे पहिल्या ४० फुटांवरच असते आणि नेहमीच्या खेळात मध्यभागी दाट, कडांना विरळ असते. तेलावरून चेंडू स्वतःभोवती फिरत असला तरी घसरत सरळ जातो. तेल संपून कोरडी लेन लागली की त्या फिरकीला पकड मिळते आणि चेंडू वळून पिनांकडे झेपावतो. खेळ चालू असताना प्रत्येक चेंडू थोडे तेल उचलतो आणि थोडे पुढे नेऊन ठेवतो. म्हणून कुशल खेळाडू तासाभराने आपली उभी राहण्याची जागा बदलतो.

या तेलाचा परिणाम चेंडूवरही होतो. एके काळी चेंडू कठीण लाकडाचे असत, नंतर रबराचे, त्यानंतर प्लॅस्टिकचे आले. १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आलेल्या नव्या राळेच्या चेंडूंच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रे असतात. ती तेल शोषून घेतात, म्हणून चेंडूला उत्तम पकड येते. पण शोषलेले तेल साचत गेले की तोच चेंडू मंदावतो आणि वळेनासा होतो. यासाठी प्रत्येक फेकीनंतर तो कोरड्या फडक्याने पुसतात, खेळ संपताच विशेष द्रावणाने स्वच्छ करतात, आणि उन्हात तापलेल्या मोटारीत तो कधीही ठेवीत नाहीत; कारण उष्णतेने त्याला तडे जातात.

साहजिकच विचारावेसे वाटते की कॅरमलाही तेलच का लावू नये? याचे कारण वजनात आणि आकारात आहे. बोलिंगचा सात किलोंचा चेंडू लेनला अगदी लहानशा जागी टेकतो आणि तेथल्या तेलावरून निसटतो. पाच ग्रॅमची सोंगटी मात्र आपल्या सपाट तळाने बोर्डावर बसते. तिच्याखाली तेलाचा किंवा पाण्याचा थर आला की तो तिला धरून ठेवतो. ओल्या टेबलावर ठेवलेला काचेचा पेला उचलताना असाच चिकटल्यासारखा लागतो. पावसाळ्यात बोर्ड ‘चालत नाही’ तो यामुळेच. हवेतला ओलावा, बोटांचा घाम, केसांचे खोबरेल आणि खेळता खेळता खाल्लेल्या भज्यांचा ओशटपणा भुकटीत मिसळला की कोरड्या वंगणाचा चिकट लेप होतो. त्यावर आणखी भुकटी टाकणे म्हणजे लेप जाड करणे होय.

यातून काळजीचे नियम सहज निघतात. जुनी भुकटी कोरड्या सुती फडक्याने पूर्ण पुसावी. ओले फडके लावू नये, कारण प्लायवूड पाणी पिऊन फुगते आणि वाकते. नवी भुकटी चिमटीने, थोडी आणि सर्वत्र सारखी पसरावी. स्ट्रायकर आणि सोंगट्यांचे तळही पुसावेत. बोर्ड स्वच्छ आणि सोंगट्या चिकट, हा प्रकार फार आढळतो. बोर्ड जांभ्याच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. बोर्डावर टांगलेल्या तारेच्या जुन्या बल्बाची ऊब ओलावा कमी करीत असे; आजचे एलईडी दिवे फारशी ऊब देत नाहीत, हेही ध्यानात असावे. भुकटीऐवजी पीठ वापरणे टाळावे. ते ओल धरते, त्याला बुरशी येते आणि मुंग्याही.

शेवटची गोष्ट खेळाहून महत्त्वाची. बोरिक भुकटी पोटात गेली तर विषारी असते. झुरळे मारण्यासाठी तिचा उपयोग होतो तो उगाच नव्हे. लहान मुलांना तिचा धोका विशेष. पांढरी असल्याने ती पिठासारखी किंवा मिठासारखी दिसते. म्हणून ती स्वयंपाकघरातल्या डब्यात, बिननावाच्या पुडीत किंवा मुलांच्या हाताला लागेल अशी कधीही ठेवू नये. खेळताना खाणे टाळावे, डाव संपल्यावर हात साबणाने धुवावेत, भुकटी फुंकून उडवू नये, आणि कोणी मुलाने ती खाल्ल्याची शंका आली तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. थोडी, सारखी आणि कोरडी असेल तेवढीच ही भुकटी खेळाच्या कामाची; उरलेली घट्ट झाकणाच्या, नाव लिहिलेल्या डब्यात, उंच फळीवरच शोभते.