सोल्युशनचा वास आणि सुन्न पडणारे पाय

धारावीतल्या बॅग, पर्स, बेल्ट आणि चपलांच्या कारखान्यांवर आपल्या समाजातील अनेक घरांची रोजी चालते. दहावीनंतर, कधी त्याआधीच, मुलं तिथे कामाला लागतात. चामडं किंवा रेक्झिन चिकटवायला ते जे 'सोल्युशन' वापरतात, त्याबद्दल त्यांना कुणी फारसं सांगत नाही.

सोल्युशन पातळ राहावं म्हणून त्यात द्रावक घातलेलं असतं. अनेक सोल्युशनमध्ये टोल्युइन असतं, काहींमध्ये एन-हेक्झेन. हेक्झेन श्वासावाटे रक्तात जातं. यकृतात त्याचं दुसऱ्या एका विषारी पदार्थात रूपांतर होतं आणि तो नसांना इजा करतो. लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायांच्या बोटांपासून होते. मुंग्या येतात, पाय सुन्न पडतात, मग जिना चढणं अवघड होतं, हातातून सुई सुटते. जपानमध्ये १९६०च्या दशकात घरोघरी चपला चिकटवणाऱ्या १,६६२ कामगारांची तपासणी झाली, तेव्हा ९३ जणांना हाच आजार निघाला.

"रोजचाच वास आहे, सवय झाली," असं कारीगर म्हणतात. धोका इथेच आहे. नाकाला सवय होते, नसांना होत नाही. त्यामुळे हवा मोजावी लागते. कारीगराच्या कॉलरजवळ कोळशाची छोटी नळी आणि कमरेला छोटा पंप लावतात. दिवसभराचं काम झालं की नळी प्रयोगशाळेत तपासतात. अमेरिकेतील 'नायॉश' या संस्थेची शिफारस आहे की दिवसभराची सरासरी ५० पीपीएमच्या वर जाऊ नये, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत हेक्झेनचे ५० भाग. अंगात किती गेलं, हे पाळी संपताना घेतलेल्या लघवीच्या तपासणीतून कळतं. धारावीला लागून असलेल्या सायनमध्येच केंद्रीय श्रम संस्था आहे आणि अशी मोजमापं हा तिच्या कामाचा भाग आहे. चार-पाच शेठनी मिळून तिथे चौकशी करायला काय हरकत आहे?

मोजणी होईपर्यंत एवढं तरी करा:

- डब्याचं झाकण लावून ठेवा. लागेल तेवढंच सोल्युशन छोट्या भांड्यात घ्या.
- हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. फक्त छताजवळ पंखा लावून भागत नाही. एक्झॉस्ट टेबलाच्या उंचीवर लावा आणि वाफ तोंडापासून दूर ओढली जाईल असं बघा.
- रुमाल किंवा साधा मास्क वाफ अडवत नाही. त्यासाठी रासायनिक वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो.
- थिनरने हात धुऊ नका.
- विडी, शेगडी लांब ठेवा. ही वाफ चटकन पेटते.
- जिथे काम, तिथेच झोपणं टाळा.

पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना काम काय करता ते आवर्जून सांगा आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवा. नाहीतर डायबेटिस किंवा व्हिटॅमिनची कमतरता समजून औषधं चालू राहतात आणि वाफ आत जातच राहते. काम थांबवल्यानंतरही काही आठवडे त्रास वाढू शकतो, त्याने घाबरू नका. पुढे बरेच जण सावरतात, पण महिने लागतात. जितकं लवकर ओळखाल, तितकं बरं.

शेठ लोकांनाही एक विनंती. कारीगराची मजुरी वेळेवर देणं ही जशी जबाबदारी आहे, तशीच त्याची सेहतही. झाकण आणि पंख्याला फार खर्च येत नाही.