शालान्त परीक्षेनंतर सर्वांनीच महाविद्यालयात जावे काय?

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरोघर एकच विचार सुरू होतो : मुलाला महाविद्यालयात घालावे, की एखादा हुन्नर शिकवावा? कामगार चळवळीत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना हा प्रश्न नवा नाही. गेटसभा आटोपली की पगारवाढीच्या खालोखाल कामगार विचारतो, ते मुलाच्या शिक्षणाविषयीच.

एक पक्ष म्हणतो, पदवीवाचून मान नाही. ही समजूत निराधार नव्हे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हापासून पदवी ही कचेरीची किल्ली ठरली. आज किल्ल्या उदंड झाल्या. कुलपे त्या मानाने वाढली नाहीत. सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणांत पदवीधरांमधील बेकारीचे प्रमाण निरक्षरांहून कितीतरी अधिक दिसते. गरिबाला बेकार बसणे परवडत नाही, हे त्याचे एक कारण; पण पदवीजोगे काम पुरेसे नाही, हे दुसरे.

दुसरा पक्ष म्हणतो, सगळ्यांना महाविद्यालय हवे कशाला? येथे आम्ही सावध होतो. असे सांगणाऱ्याची स्वतःची मुले बहुधा महाविद्यालयातच असतात! रयतेच्या करातून उच्च शिक्षण पोसले जाते आणि रयतेची मुले मात्र शाळेबाहेर राहतात, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, ते सकाळचे वर्ग ठेवून. नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे म्हणून. ही दारे कष्टाने उघडली आहेत. ती आपल्या हाताने लावून घेणे शहाणपणाचे नाही.

मग हुन्नराची वाट कशी आहे? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर वा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते. मात्र एक गोष्ट पालकांनी जाणून घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने हा उमेदवार कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी आहे. त्याला पगार नसून विद्यावेतन मिळते, कामगार कायदे त्याला सामान्यतः लागू होत नाहीत आणि उमेदवारी संपल्यावर त्याला नोकरीत घेतलेच पाहिजे असे मालकावर बंधन नाही. त्यामुळे कित्येक ठिकाणी शिकवणे बाजूला राहते आणि यंत्रावर स्वस्तात माणूस तेवढा मिळतो. हुन्नराची थोरवी गाणाऱ्यांनी प्रथम हे बदलण्याची मागणी करावी.

ही वाट पुढे बंद होत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रशिक्षण संस्थेतून उत्तीर्ण झालेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविकेवरून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे.

तेव्हा आमचे मत असे : महाविद्यालयात जाण्यास प्रत्येकाला भाग पाडू नये, आणि बापाचा धंदा पाहून कोणाला अडवूही नये. शिक्षकाने आणि पालकाने दोन्ही वाटांचा खर्च, काळ आणि मिळकत मुलापुढे व मुलीपुढे स्वच्छ मांडावी. निवड त्यांची. फिटरला पोटापुरता पगार आणि माणसासारखा मान मिळू लागला, म्हणजे ही निवड खरोखरीची निवड होईल. तोवर ती पुष्कळदा लाचारीच राहणार.