धुऱ्यावरील तरवड

बाळापुराहून पातूरच्या बाजूस निघालें म्हणजे मन व म्हैस या नद्यांच्या संगमाजवळची काळी, खोल जमीन मागें पडत जाते आणि डोंगरपायथ्याच्या दिशेनें मुरूम उघडा पडलेलीं बरडें दिसूं लागतात. दिवाळीनंतर जेथें गवतसुद्धां करपून जातें, तेथें हिरवेंगार राहून पिवळ्या फुलांनीं भरलेलें जें कमरेएवढें, क्वचित् पुरुषभर उंच झुडूप दिसतें, तोच आपला तरवड. धुरे साफ करण्यास निघालेल्या शेतकऱ्याची पहिली कुदळ बहुधा त्याच्यावरच पडते. ती पडूं नये, असें आमचें मत आहे.

तरवड ओळखण्यास सोपा आहे. चिंचेसारखीं जोडीजोडीनें लागलेलीं पानें व देठाच्या बुडाशीं कानाच्या पाळीसारखे दोन रुंद उपपर्ण, ही त्याची खूण. या कानांवरूनच लिनीअसनें १७५३ सालीं त्यास 'ऑरिक्युलाटा' हें नांव दिलें. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ. टाकळा व बहावा हे त्याचे भाऊबंद होत.

धुऱ्यावर त्याचें मोल कशांत आहे, हें पाहूं. पाण्याचा पहिला लोंढा धुऱ्याच्या सैल मातीवर येतो, आणि एकदां खिंड पडली कीं तिची घळ होण्यास फार पावसाळे लागत नाहींत. पूर्णेच्या खोऱ्यांतील घळी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस हें निराळें सांगावयास नको. येथें अशी वनस्पति पाहिजे कीं जिची मुळी मुरमांत खोल शिरेल, जी तोडली तरी बुडापासून फुटेल व जिला गुरें खाणार नाहींत. तरवडांत हे तीनही गुण आहेत. गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, म्हणूनच चराईच्या पडीत रानांतहि तो टिकून राहतो. ज्यास आपण निरुपयोगीपणा म्हणतों, तोच येथें राखणदाराचा गुण ठरतो. अलीकडे यंत्र लावून एका दिवसांत सगळा धुरा कोरून वावर चार हात वाढविण्याची चाल पडली आहे. त्या चार हातांच्या लोभानें पुढें किती माती जाते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं!

पूर्वीं या झुडपास बाजारांत किंमत होती. त्याच्या सालींत कातडें कमावण्याचें द्रव्य शेंकडा १५ ते २० असतें. इंजिनें व विजेचे पंप येण्यापूर्वीं ज्या मोटेनें विहिरीचें पाणी निघे, तिचें कातडें बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालीनें कमावलेलें असे. मद्रासेकडील कातड्याचा मोठा व्यापार तर याच सालीवर उभा होता. पुढें आफ्रिकेंतून वॅटलची साल येऊं लागली, क्रोमची रीत रुळली आणि तरवडाचा भाव उतरला. तेलंगणांत मात्र बतुकम्माच्या सणांत त्याचीं फुलें रचतात. २०१४ सालीं तें राज्य झाल्यावर त्यास राज्यपुष्पाचा मान मिळाला.

खताविषयीं एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शेंगेचें झाड म्हणून तरवड तुरीप्रमाणें हवेंतील नत्र जमिनींत सांठवीत असेल, अशी समजूत कित्येकांची असते. ती बरोबर नाहीं. त्याच्या मुळांवर तशा गांठी येत नाहींत. त्याचा पाला कापून वाफ्यांत गाडला तर सेंद्रिय अंश मिळेल, पण तें नत्र जमिनींतूनच घेतलेलें असतें. निव्वळ हिरवळीच्या खतासाठींच धुरा लावावयाचा असेल, तर गिरिपुष्प अधिक बरें, हें आम्ही मोकळेपणीं कबूल करतों. ओलावा असेल तेथें गिरिपुष्प लावावें व उघड्या मुरमावर तरवड राखावा.

त्याच्या फुलांत मध नसतो, केवळ पराग असतो. तोहि केसराच्या टोंकाच्या बारीक छिद्रांतून निघतो, म्हणून मोठे काळे भुंगे फुलास धरून गुणगुणत तो झाडून घेतात. हेच भुंगे तुरीच्या फुलांवरहि येतात. धुऱ्यावर त्यांस अन्न मिळत राहिलें, तर तुरीच्या शेतकऱ्याची त्यांत हानि नाहीं.

फुलांचा काढा मधुमेहावर घेण्याची चाल आहे. परंतु वैद्याच्या सल्ल्यावांचून तो घेऊं नये, विशेषतः चालू औषध बंद करून तर नाहींच.

नवी लागवड करणें असल्यास शेंगा पूर्ण वाळल्यावर बी जमवावें. त्याचें कवच कठीण असल्यामुळें तें वाळूंत घांसून, मग रात्रभर पाण्यांत भिजवून, मृगाचा पाऊस पडतांच धुऱ्याच्या उतारावर टोंचावें. रोपांस पहिल्या वर्षीं गवतानें दाबूं देऊं नये. पुढें झुडूप फार पसरल्यास उन्हाळ्यांत वीतभर खुंट राखून छाटावें. काड्या चुलीस होतील. मात्र पिकाच्या तासांत आलेला तरवड लहान असतांनाच मुळासकट काढावा.